पाच किलोंचा पावसाळा

सुधाताईंनी आयुष्यात एक शब्द जितक्या वेळा लिहिला, तितक्या वेळा नवऱ्याचं नावही लिहिलं नसेल. तो शब्द म्हणजे ‘निरंक’. बारामतीजवळच्या एका शेती केंद्रात त्या हवामान निरीक्षक होत्या. रोज सकाळी साडेआठला कुंपणातल्या पर्जन्यमापकाचं झाकण काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि आकडा वहीत लिहायचा, एवढं काम. पण ओतायला पाणी तर हवं! सह्याद्रीनं पाऊस आपल्याकडे ठेवून घेऊन नुसते ढग पुढं धाडलेला हा मुलूख. वर्षातले तीनशेच्या वर दिवस बाटली ठणठणीत कोरडी. तरी वहीतली जागा मोकळी सोडायची नाही, तिथं ‘निरंक’ लिहायचं, ही पहिल्या साहेबांची शिस्त होती. पाऊस नाही हीसुद्धा नोंद असते, असं ते म्हणायचे. सुधाताई अठ्ठावीस वर्षं ती नोंद इमानेइतबारे करत राहिल्या.

नोकरीतला एक दिवस मात्र त्या विसरल्या नाहीत. जुलैचा महिना होता. घाटमाथ्यावरच्या एका केंद्रातल्या माणसाचा फोन आला आणि त्यानं चोवीस तासांचा आकडा सांगितला, तीनशे बासष्ट मिलिमीटर.

“छत्तीस पूर्णांक दोन ना?” सुधाताईंनी विचारलं.

“नाही बाई, तीनशे बासष्ट. पंधरा वेळा पात्र भरलं. आणि अजून चालूच आहे.”

त्याच्या आवाजामागं पत्र्यावर कोसळणाऱ्या पाण्याचा असा काही गडगडाट चालला होता की त्यांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. तेवढा पाऊस त्यांच्या बाटलीत साठायला जूनपासून सप्टेंबर उजाडायचा, आणि तेही वर्ष बरं असलं तर. फोन ठेवला तरी तो आवाज कानातून जाईना. त्या दिवशी डबा तसाच घरी परत आला. पंधरा वेळा पात्र भरणाऱ्या माणसाचा त्यांना हेवा वाटला, अगदी मनापासून. एकदा तरी त्या पावसाखाली उभं राहायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

ठरवलेलं तडीला न्यायला निवृत्ती उजाडावी लागली. निरोप समारंभात शाल-नारळ मिळालाच, पण सुधाताईंनी जुनं प्लॅस्टिकचं मोजपात्रही मागून घेतलं. केंद्रात आपोआप मोजणारं यंत्र आलं होतं, पात्राला कुणी विचारत नव्हतं. मग कुणाकडून तरी त्यांना स्वरदाचं नाव कळलं. पस्तिशीची ही मुलगी दर पावसाळ्यात दहा-बारा जणांना घेऊन घाटमाथ्यानं नऊ दिवस पायी चालायची. रोज पंधरा-सोळा किलोमीटर चाल, मुक्काम वाटेतल्या वाड्यांवर. सुधाताईंनी फोन केला. वय एकसष्ट ऐकून स्वरदा दचकली नाही, पण पाठीचं ऐकून दचकली.

कारण दोन वर्षांपूर्वी सुधाताईंच्या मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टर म्हणाले होते, “चाला हवं तेवढं. पण पाठीवर पाच किलोंच्या वर काही घेतलंत, तर माझ्याकडे येऊ नका.”

“काकू, तिथं ओझं घ्यायला दुसरं कुणी नसतं,” स्वरदानं स्पष्ट सांगितलं. “ज्याचं त्यानं न्यायचं. आणि पाऊस तिथं येत-जात नाही, असतोच. गेल्या वर्षी एक जण तिसऱ्या दिवशी गारठून आजारी पडले. सगळ्यांना उतरावं लागलं. मी येत्या रविवारी तुमच्याकडे येते. सॅक पाच किलोंत बसलेली दाखवा आणि तासभर पावसात चालून दाखवा. मग मी हो किंवा नाही ते सांगते.”

“अगं, पण जूनमध्ये बारामतीत पाऊस आणू कुठून?”

“तुम्ही हवामान खात्यातल्या ना?” असं म्हणून ती हसली.

त्या रात्रीपासून स्वयंपाकघरातला वजनकाटा सुधाताईंच्या ताब्यात गेला. सॅक, पांघरूण, कपड्यांचे जोड, औषधं, ताटली, लिटरभर पाणी, सगळं ग्रॅमवर मोजून झालं. टूथब्रशचं दांडकं निम्मं कापून टाकलं. त्यांचे यजमान रघुनाथराव, बँकेतून निवृत्त झालेले, वाटाण्याच्या शेंगा सोलत सगळं बघत होते. ते म्हणाले, “आता दातही निम्मेच न्या.” सुधाताईंना हसायला वेळ नव्हता. सगळं धरून उरले होते चारशे ग्रॅम. त्या चारशे ग्रॅममध्ये नऊ दिवसांचा पाऊस थोपवायचा होता.

रघुनाथरावांचा स्कूटरवरचा रेनकोट काट्यावर ठेवला तर एक किलो साडेतीनशे. गावातल्या दुकानात गेल्या, तर दुकानदारानं माळ्यावरून दोन वर्षांपूर्वीचा गठ्ठा झटकत काढला. “बारामतीत हे कोण घेतंय, ताई?” असं म्हणत त्यानं जो कोट दिला तो नऊशे भरला. शेवटी पुण्यातल्या लेकीनं, श्रियानं, एक खोकं पाठवलं. त्यात जाकीट आणि विजार मिळून साडेतीनशे ग्रॅमचा जोड होता आणि सॅकवर घालायचं एकशे तीस ग्रॅमचं कव्हर. आणखीही एक पुडी होती. ती उलगडली तर आतून टोपी जोडलेलं एक भलंमोठं सैल कापड निघालं, डोक्यावरून सॅकसकट पांघरायचं. बाह्या नाहीत, बाजू उघड्या. वजन दोनशे तीस.

“ह्यातून तर चहूकडून पाणी येईल,” असं म्हणून सुधाताईंनी ती पुडी बाजूला सारली.

जाकीट मात्र त्यांनी तीनतीनदा हातात घेतलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, मुठीत मावेल एवढं, आणि म्हणे धो धो पाऊस अडवणार. त्यांनी ते मोरीत नेऊन नळाखाली धरलं. पाण्याचे थेंब गोळ्या होऊन घरंगळत गेले आणि आतली बाजू कोरडीच राहिली. सुधाताई आ वासून बघत राहिल्या. माणसानं एवढं काहीतरी विणून ठेवलंय आणि आपण एकसष्ट वर्षं त्याच्यावाचून जगलो, याचं त्यांना भारीच नवल वाटलं. ऐंशी ग्रॅम जास्त होत होते, ते त्यांनी एक टॉवेल अर्धा फाडून वसूल केले.

आता राहिला प्रश्न पावसाचा. तो त्यांच्या भावाकडे होता.

इंदापूर तालुक्यातल्या कळसला मानसिंगची आठ एकर शेती. निम्मा ऊस, निम्मी पेरूची बाग. उसाला पाणी द्यायला त्यानं रेनगन बसवली होती, म्हणजे तिपाईवर उभी केलेली तोटी. मोटर सुरू झाली की ती टकटक करत गोल फिरते आणि शंभर फुटांवर पाणी फेकते. गुरुवारी सकाळी सुधाताई सॅक, जाकीट आणि मोजपात्र घेऊन भावाच्या बांधावर हजर झाल्या.

“आक्का, लोक पावसाळ्यात हितं पावसाची वाट बघत्यात,” मानसिंग म्हणाला, “आन् तू पाऊस अंगावर येऊ ने म्हून एवढा खटाटोप करतीयास.”

“तू मोटर चालू कर.”

“करतो की. ऊस तहानलाच हाय. त्याच्यात तुजीबी आंघूळ.”

मोटर सुरू झाली. तोटीनं आधी खाकरल्यासारखं केलं आणि मग पाण्याची लांबलचक कमान आभाळात गेली. वर जाऊन ती फुटली, तिचे हजार थेंब झाले आणि ते उन्हात चमकत उसाच्या पानांवर तडतडत खाली आले. मानसिंगला त्याचं काहीच नव्हतं, तो तंबाखू मळत होता. सुधाताईंचं मात्र मन भरून आलं. लहानपणी ह्याच रानात त्यांनी आईला मोटेच्या पाण्यानं वाफे भरताना पाहिलं होतं. त्याच रानात आता कळ दाबली की वरून पाणी पडत होतं. त्या जाकीट-विजार चढवून, सॅकवर कव्हर घालून, पावसाच्या टप्प्यात जाऊन उभ्या राहिल्या.

अर्धा तास उभ्या राहिल्या. बाहेर येऊन चेन उघडली, तर आतला सुती कुर्ता कोरडा खडखडीत. सुधाताईंनी विजयी मुद्रेनं भावाकडे पाहिलं.

“ही काय परीक्षा झाली व्हय?” मानसिंग म्हणाला. “गन फिरती. तुज्यावर आली, गेली, मग मिनिटभर ऊन. आपल्याकडचाच पाऊस झाला ह्यो. तितला थांबत न्हाय ना? आन् तू तर खांबावानी हुबी. तितं चालायचंय का हुबं ऱ्हायाचंय?”

सुधाताई चपापल्या. अठ्ठावीस वर्षं मोजमाप केलेल्या बाईनं ही चूक करावी! पाऊस म्हणजे येणार, आडोशाला उभं राहायचं, जाणार, एवढीच त्यांच्या डोक्यातली पावसाची गोष्ट. मानसिंगनं तोटीखालची कळ सरकवली, तशी गन गोल फिरायची थांबली आणि बांधाच्या एवढ्याशा पट्ट्यातच मागंपुढं करू लागली. त्या पट्ट्यात आता पाणी खंडत नव्हतं. सुधाताईंनी पाठीवर सॅक घेतली आणि बांधावर येरझाऱ्या सुरू केल्या. चिखलातून, भराभर, घाट चढल्यासारख्या.

वीस मिनिटांत मानेवरून पाण्याचा ओघळ उतरला. आधी वाटलं, टोपीतून शिरलं. मग पाठ ओली झाली, मग काखा, मग पोट. तासाभरानं जाकीट काढलं, तेव्हा कुर्ता अंगाला चिकटून बसला होता. बाहेरून एक थेंब आला नव्हता. सगळा घाम होता. त्यांनी आडोशाला जाऊन कपडे बदलले आणि तो कुर्ता सवयीनं मोजपात्रावर पिळला.

“किती?” मानसिंगनं विचारलं.

“तीन मिलिमीटर.”

“बग की! एवढा तर गेल्या जूनात आमच्या रानात न्हाय पडला.”

तो हसत होता, पण सुधाताईंना रडू फुटायचं बाकी होतं. दुपारपर्यंत त्यांनी चेन अर्धी उघडून चालून पाहिलं, वरची विजार काढून पाहिलं, अगदी मानसिंगचा जड रेनकोटही घालून पाहिला. कधी बाहेरून ओलं, कधी आतून ओलं. अंग काही कोरडं राहीना. एक गारठलेला माणूस आणि त्याच्यामागं खाली उतरलेले दहा जण त्यांच्या डोळ्यांसमोर येत राहिले. स्वरदा नाही म्हणणार आणि ते बरोबरच असणार. पुढच्या वर्षी पाठ कशी असेल, कुणी सांगावं?

मानसिंगची बायको संजीवनी बागेत होती. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला फोमची जाळी घालायची आणि वरून पातळ प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, असं तिचं काम चाललं होतं. हजारो फळं, एकेक करून. सुधाताई डोळे पुसत तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि नकळत तिच्या हाताला हात लावू लागल्या.

“पिशवीच्या खालच्या कोपऱ्याला ही भोकं कसली?” सुधाताईंनी विचारलं.

“हवेला. त्याच्याबिगर आत घाम धरतो, आक्का. फळ डागाळतं.”

सुधाताईंचा हात थांबला. “आणि पाऊस आला तर भोकातून पाणी नाही जात?”

“वरनं येनारा पाऊस खालच्या भोकात कसा जाईल?” संजीवनी हसली. “तुमी सकाळधरनं काय करताय ते मी बगतीया. सगळंच कोरडं ठिवाया बसलाय. आमी झाड झाकतो का? झाड भिजंना का खुशाल, त्याला भिजायचंच असतंय. फळ तेवढं सांभाळायचं.”

सुधाताई त्या बागेकडे बघत राहिल्या. ओळींमागून ओळी, उघडी झाडं, आणि प्रत्येक झाडावर शंभर-सव्वाशे चिमुकल्या पिशव्या उन्हात लकाकत होत्या. इतकी वर्षं त्या ह्या बागेत येत होत्या, पेरू खाऊन जात होत्या, आणि हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी संजीवनीला मिठीच मारली. “आवो, फळं पडत्याल!” ती ओरडली.

मग त्यांनी ती बाजूला सारलेली पुडी मागवली. रघुनाथराव दुसऱ्या दिवशी ती घेऊन आले. वरून झाकलेलं, खालून मोकळं, सॅकसकट. म्हणजे सॅकचं वेगळं कव्हरही नको. संजीवनीनं पेरूच्या क्रेटात घालतात ती मोठी जाड पिशवी दिली, चाळीस ग्रॅमची. तिच्यात पांघरूण आणि एक जोड कपडे घालून, हवा काढून, तोंडाला पीळ देऊन गाठ मारली आणि ती सॅकच्या तळाशी बसवली. दोन्ही मिळून दोनशे सत्तर ग्रॅम. दुसरा अख्खा टॉवेल घेतला तरी चारशेतले एकशे तीस उरले. ते पाहून रघुनाथराव म्हणाले, “मग तो ब्रश आता अख्खा घ्या.” सुधाताईंच्या मनात दुसरंच होतं.

रविवारी अकराला स्वरदा थेट कळसला आली. पाठीवर पिशवी, पायात बूट, बोलणं मोजकं. मानसिंगनं तराजूच्या आकड्याला सॅक अडकवली. चार किलो नऊशे ऐंशी. स्वरदानं एकेक वस्तू काढून पाहिली, निम्मा ब्रश पाहून तिच्या ओठांवर हसू आलं. मग तिच्या हाताला मोजपात्र लागलं.

“हे कशाला, काकू? शंभरावर ग्रॅम असेल हे.”

“असू दे. पाच किलोंतच आहे.”

सुधाताईंनी मोजपात्र तेवढं संजीवनीच्या हातात दिलं आणि सॅक पुन्हा भरून ते मोठं कापड वरून पांघरलं. मोटर सुरू झाली. स्वरदा स्वतःही कोट चढवून पट्ट्यात आली आणि दोघी बांधावरून चालू लागल्या.

पहिली दहा मिनिटं सुधाताई भीतभीत चालल्या. गुडघ्याखाली सगळं भिजलं, बाह्या भिजल्या, समोरून फवारा आला तसं तोंड भिजलं. पण पाठीला खालून वारा लागत होता. अंग ओलं होतं आणि तरी जीव गुदमरत नव्हता. मग कधीतरी त्यांनी बाह्यांची काळजी सोडून दिली आणि मान वर केली. कापडावर पाणी ताशासारखं वाजत होतं. वर पाहावं तिकडे पाणी, पलीकडचं रान दिसत नव्हतं, भावाचं घर दिसत नव्हतं. फोनमधला तो आवाज त्यांना आठवला. आज तो कानापासून लांब धरायचा नव्हता. ही तर नुसती मोटरची करामत, चाळीस पावलांची. तिथं ह्याला कड नसेल, बटण नसेल, आणि तो दिवसरात्र असाच आपल्या डोक्यावर उभा असेल. सुधाताईंना भीती वाटली. त्या भीतीनंच त्यांना इतका आनंद झाला की त्या मोठ्यानं हसल्या, आणि स्वरदानं वळून पाहिलं.

तासानं मोटर बंद झाली. शांतता एकदम अंगावर आली. सुधाताई ओल्याचिंब उभ्या होत्या आणि मनातल्या मनात ‘नाही’ ऐकायची तयारी करत होत्या. स्वरदानं त्यांच्या मानेला हात लावला, मग बोटांना.

“गार नाही,” ती म्हणाली. “भिजलात.”

“भिजले.”

“भिजणारच. मीही भिजलेय. तिथं कोरडं कुणीच राहत नाही, काकू. संध्याकाळी बदलायला काय उरलंय, तेवढंच मी बघते. ते आजारी पडलेले गृहस्थ, त्यांचा कोट सगळ्यात भारी होता. सॅकमधले कपडे मात्र त्यांनी तसेच कोंबले होते.” तिनं सॅक बांधावर ठेवली. “दाखवा.”

सुधाताईंनी गाठ सोडली. पिशवीतून त्यांनी कुर्ता काढला, संजीवनीकडून मोजपात्र घेतलं आणि त्याच्यावर कुर्ता धरून पिळला. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून पिळला. मग पांघरुणाचं टोक पिळलं. मानसिंग, संजीवनी, रघुनाथराव, सगळे जवळ येऊन वाकले.

सुधाताईंनी पात्र उचलून डोळ्यांच्या रेषेत धरलं. अठ्ठावीस वर्षं धरलं होतं तसंच, गुडघे किंचित वाकवून, श्वास रोखून. तळाशी काही नव्हतं. त्यांनी पात्र उन्हाकडे फिरवून पुन्हा पाहिलं.

“किती, आक्का?” मानसिंगनं विचारलं.

ज्या शब्दानं त्यांचे जून, जुलै, ऑगस्ट कोरडे गेले होते, जो लिहिताना दर वेळी त्यांना वहीची लाज वाटायची, तोच शब्द आज ओठांवर आला. डोळे भरून आले. रघुनाथरावांनी खिशातलं पेन काढून नुसतं पुढं केलं, पण सुधाताईंनी मान हलवली.

“निरंक,” त्या म्हणाल्या, आणि हसू लागल्या.

स्वरदाही हसली. “नऊ तारखेला पहाटे पाचला निघायचं. उशीर करू नका.”

सुधाताईंनी पदराच्या एका कोरड्या टोकानं, म्हणजे संजीवनीच्याच पदरानं, मोजपात्र आतून-बाहेरून पुसलं आणि सॅकमध्ये अगदी वर ठेवलं, लगेच हाताशी येईल असं.